पंच क्रमांक दोन

मिसिंगचं रजिस्टर माझ्याकडे आलं ते शिक्षा म्हणून.
साहेबांच्या मेव्हण्याची गाडी मी टोइंगला लावली होती.
सोमवारपासून जिन्याखालचं टेबल,
फक्त डावीकडेच मान वळवणारा पंखा
आणि हरवलेल्यांची चारशे पानं.

तुर्भ्यात माणूस हरवला
तरी कांद्याचा वास मागे राहतो.
रंग सावळा, बांधा मध्यम,
अंगात चौकड्यांचा शर्ट, पायात स्लीपर,
असं लिहून घ्यायचं.
अर्धी नवी मुंबई या वर्णनात बसते.
मीही बसतो.

खीमजी लोडाया, वय शेहेचाळीस,
बटाट्याच्या गाळ्यावर मुनीम.
त्याची शोधाशोध शेठना आधी सुचली,
कारण गल्ल्यातले पावणेतीन लाखही त्याच्याबरोबर हरवले होते.
मग दमयंतीबेन आल्या, कोपरखैरण्याहून.
कपाटात सापडलेला फोटो दिला, कडेने कात्रीने कापलेला.
खीमजीच्या खांद्यावर कुणाचा तरी हात उरला होता,
मनगटापर्यंत, तिरप्या नक्षीच्या बांगडीसकट.
"बहिणीचा असेल," त्या म्हणाल्या.
मी "असेल" लिहिलं नाही.

दोन तासांनी ऐरोलीची एक बाई आली,
शोभना गुरव, शिवणकामाचा क्लास.
"माझे मिस्टर," म्हणत तिने हात टेबलावर ठेवला.
तीच बांगडी.
मी चहा मागवला. दुसरं काय करणार?

आठव्या दिवशी उरणहून घरमालकाचा फोन:
घणसोलीत खोली दिलीय, भाडं थकलंय,
किल्ली पायपुसण्याखाली, बघून घ्या.
आम्ही गेलो.
आत कोंब आलेलं बटाट्याचं पोतं, एकच टूथब्रश,
आणि गादीखाली नोटा.

पंचनाम्याला दोन माणसं लागतात.
एक समोरचा इस्त्रीवाला मिळाला.
दुसरा मिळेना.
तेवढ्यात जिन्यावर एक टकला, दाढीवाला,
हातात दुधाची पिशवी.
आम्हाला बघून थबकला.
"अहो, दूधवाले! सरकारी काम आहे, आत या."
तो वळला होता, पण शिपाई भोपीने
त्याला खांद्याला धरून आदराने आत आणलं.

बिचारा उभा राहिला कोपऱ्यात.
दूध गळत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.
आम्ही नोटा मोजत होतो, तो ओठ हलवत होता.
"सापडेल का हो हा माणूस?" त्याने विचारलं.
"सापडतात," मी म्हटलं. "दाढ दुखली की सापडतात."
आकडा लिहिला: दोन लाख एकेचाळीस हजार.
"पंधराशे कमी लावलेत, साहेब.
ती शंभराची गड्डी परत मोजा."
परत मोजली. पंधराशे कमीच होते.
शाबासकी दिली मी त्याला, वर चहाही पाजला.
रमणिक शहा अशी सही करून तो गेला.

रात्री दीडला झोपेतून उठून बसलो.
बायको म्हणाली, गॅस झालाय, ओवा खा.
मी म्हटलं, अगं,
दुसऱ्याच्या पैशातली पंधराशेची चूक
फुकटात कोण दुरुस्त करतं?

सकाळी शेठच्या वह्या मागवल्या.
पंचाने लिहिलेल्या मोबाइल नंबरात दोन सात होते,
दोन्हींच्या पोटात आडवी रेघ,
वह्यांत होती तशीच.
फोटो पुन्हा पाहिला:
दहा वर्षांपूर्वीचा, डोक्यावर भरघोस केस.
आठ दिवस आम्ही केस शोधत होतो.

तो लांब गेलाच नव्हता.
सील ठोकलेल्या दारासमोर पायरीवर बसला होता,
कुलूप काढायला कुणीतरी येईल अशा बेताने.
"चला," मी म्हटलं. "वर्णन जुळलं."
त्याने कुरकुर केली नाही.
फक्त जीपमध्ये विचारलं,
"माझी तक्रार... आधी कोण आली होती?"

ठाण्यात रजिस्टर उघडंच होतं.
नऊ दहा. अकरा पंधरा.
मी वेळेच्या रकान्यावर तळवा ठेवला.
"दोघी एकदमच आल्या," म्हणालो.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, गाळ्यावर नव्या पोऱ्याकडे पाहावं तसं.
"एका टेबलावर एकदम दोन नोंदी
होत नसतात, साहेब," तो म्हणाला.
"हात काढा."